सातवं नाव

बहात्तरचं वर्गमूळ मी आशल्यानफूच्या टपरीत, काउंटरच्या मेणकापडावर ओल्या बोटाने सोडवत होते, तेव्हा तिलेक मला पहिल्यांदा भेटला. जानेवारी संपत आला होता. काराकोलच्या बाजारात गिऱ्हाईक नव्हतं, आणि अशा हवेत थंडगार आंबट-तिखट शेवया खायला येणारा माणूस एकतर भुकेला असतो, नाहीतर हट्टी.

"तीन मूळ आठ," मी स्वतःशीच म्हणाले.

"आत अजून कुणीतरी अडकलंय," समोरून आवाज आला.

मी वर पाहिलं. फेल्टची टोपी, खांद्यांवर बर्फ, हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक काळे डाग. आणि डोळे... ते माझ्याकडे नव्हतेच, माझ्या मेणकापडावर होते. मला आधी त्याचाच राग आला.

"आठात चार लपलाय." त्याने न विचारता माझ्या पाण्याच्या भांड्यात बोट बुडवलं आणि लिहायला लागला. "त्याला छपराबाहेर काढलं की तो दोन होऊन येतो. तीन दुणे सहा. सहा मूळ दोन. आता आत कुणी नाही."

"तुम्हाला वाटी हवीय की वर्गमूळ?"

"दोन्ही. वाटीत तिखट कमी."

"आमच्याकडे तिखट कमी मागणाऱ्याला म्हातारा म्हणतात."

"एकविसाव्या वर्षीच? बरं, मग म्हाताऱ्याचं ऐक. मेच्या परीक्षेला बसणार असशील तर आठ आत ठेवून येऊ नकोस."

गेल्या मेमध्ये मी चार गुणांनी राहिले होते आणि त्यातले तीन या छपरांखालीच गेले होते, हे त्याला मी सांगितलं नाही. मागे माझी मावशी, म्हणजे टपरीची मालकीण, डाव हातात धरून हसत होती. तिला मी तायेजे म्हणते. तो गेल्यावर ती म्हणाली, "बुरुल, मेणकापड पूस आता. किती वेळ बघत बसणार आहेस?"

त्याचं अक्षर वाळेपर्यंत मी पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो ओसमोन अगायांच्या वर्गात दिसला. अगाय निवृत्त शिक्षक, वय चौऱ्याहत्तर. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, कोळशाच्या शेगडीभोवती आम्हा अकरा जणांना परीक्षेसाठी गणित शिकवायचे. त्यांचा एक नियम होता. एकाने सोडवायचं, दुसऱ्याने पडताळायचं. उत्तर आलं की वही जोडीदाराकडे. त्याने ते उत्तर मूळ समीकरणात घालून बघायचं, 'पडताळा' असं लिहायचं आणि खाली सही करायची. सही नाही तोवर गणित सुटलेलं नाही.

"आपलं उत्तर आणि आपलं लेकरू," अगाय म्हणायचे, "दोघांचेही दोष आपल्याला दिसत नाहीत."

माझा जोडीदार तिलेक झाला.

आता त्या महिन्याबद्दल काय सांगू? शेगडीजवळ वाळत घातलेल्या कोटांचा ओला वास यायचा, पन्हळीतून वितळलेलं बर्फ ठिबकायचं, आणि माझ्या वहीत रोज पाच वेळा त्याची सही पडायची. 'तिलेक'मधल्या शेवटच्या अक्षराची शेपटी तो लांबवायचा, इतकी की ती माझ्या उत्तराला खालून टेकायची. मला वाटायचं, हे फक्त माझ्याच वहीत होतं.

"एवढी शेपटी कशाला?" मी एकदा विचारलं.

"उत्तर पडू नये म्हणून."

"माझी उत्तरं पडत नाहीत."

"हो ना? मग हे बघ..." त्याने वही वळवली. "क्ष अधिक सहाचं वर्गमूळ बरोबर क्ष. तू दोन्ही बाजूंचा वर्ग केलास, तीन आणि उणे दोन आले, आणि दोघांनाही घरात घेतलंस. उणे दोन घालून बघ. चाराचं वर्गमूळ दोन. उणे दोन नव्हे. हा उपरा आहे, बुरुल."

"वर्ग करताना कुठे होता हा?"

"वर्ग केला म्हणूनच शिरला. वर्ग केला की उणे आणि अधिक एकाच कपड्यात दिसतात."

मी उणे दोनावर काट मारली आणि त्याच्या बोटांकडे बघत राहिले. मला तो आवडत होता. उगाच का लपवू?

पण तो एक गोष्ट विचारत नव्हता. आमच्याकडे प्रत्येकाला आपले सात पूर्वज पाठ असतात: बाप, आजा, पणजा आणि त्यांच्या वरचे चार. दोघांच्या सातांत एक जरी माणूस सारखा निघाला, तर ती दोघं भावंडं. लग्नाचं नावही काढायचं नाही. म्हणून एखाद्या मुलाने मुलीला 'तुझे सात कोण?' असं विचारलं की मुलगी लाजते आणि तिची मावशी चहा ठेवते. फेब्रुवारी गेला. तिलेक रोज टपरीवर आला, कमी तिखटाची वाटी खाऊन गेला, तायेजेशी कोपऱ्यात हळू आवाजात बोलला — मला वाटलं, तिखटाची तक्रार असेल — पण मला त्याने ते विचारलं नाही.

आणि मार्चमध्ये नाझिक आली.

बिश्केकहून आली, आजीकडे राहायला. पांढरा कोट, जांभळी शाई, आणि हसली की गालावर खळी. मला खळ्यांबद्दल एरवी काही म्हणायचं नसतं. अगायांनी तिची वही चाळली, उसासा टाकला आणि म्हणाले, "हिचा पायाच कच्चा आहे. तिलेक, तू हिच्याबरोबर बस. बुरुल, तू बुबुशबरोबर."

बुबुश एजे, म्हणजे बुबुशताई, चाळिशीच्या नर्स. नववीतला मुलगा गणित विचारतो आणि आपल्याला येत नाही, म्हणून त्या शिकायला यायच्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि चष्मा पुसला.

"मी काही त्याच्याइतकी देखणी नाही," त्या म्हणाल्या, "पण सही माझीही चालते."

त्या दिवसापासून माझा एक कान शेगडीपलीकडेच असायचा.

"बाइके, हे पन्नासचं कसं?"

"पंचवीस बाहेर काढ."

"बाइके, तू किती छान समजावतोस..."

बाइके म्हणजे थोरला भाऊ. कुणी म्हणेल, मग कशाला जळायचं? पण आमच्याकडच्या मुली वयाने मोठ्या कुणालाही बाइके म्हणतात, मग त्याच्याशी लग्न करतात आणि पुढे तीस वर्षं बाइकेच म्हणत राहतात. माझ्या आईने हेच केलं. मी तिलेकला एकदाही बाइके म्हटलं नव्हतं, मुद्दाम. आता वाटलं, म्हणायला हवं होतं.

"बुरुल," बुबुश एजे म्हणाल्या, "अठ्ठेचाळीसचं वर्गमूळ तू पाच वेळा गिरवलंयस. कागद फाटेल."

एके दुपारी तो तिला टपरीवर घेऊन आला. माझ्या टपरीवर. बाजारात अशा अकरा टपऱ्या आहेत.

"नाझिक, ही बुरुल. हिच्याबद्दलच मी तुला—"

"गिऱ्हाइकं खोळंबलीत," मी म्हणाले. एकही गिऱ्हाईक नव्हतं. "किती वाट्या?"

"दोन. माझ्यात तिखट—"

"माहीत आहे."

नाझिकच्या वाटीत मी तीन चमचे तिखट घातलं. मग तिची खळी दिसली म्हणून चौथा. तायेजेने माझं मनगट धरलं तोवर वाटी पुढे गेली होती. नाझिकने पहिला घास घेतला, डोळे मिटले. मी मनातल्या मनात पाणी द्यायचं की नाही याचा विचार करत होते.

"अगं, हेच," ती म्हणाली. "बिश्केकला असं तिखट कुणी घालतच नाही. अजून आहे?"

तिने वाटी दोन्ही हातांनी तोंडाला लावून रस्सा संपवला. तिलेक कौतुकाने बघत होता. माझ्या हातच्या वाटीकडे की तिच्याकडे, मला कळलं नाही, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अगायांनी तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा माझ्याकडे दिला. "वाटून टाक."

नाझिकची वही सगळ्यात वर होती. मी ती उघडली नाही. ती हातातून निसटली, खाली पडली आणि पडतानाच मागच्या पानावर उघडली — हे मी शपथेवर सांगेन. उजवीकडच्या पानावर एकाखाली एक, एक ते सात आकडे, आणि प्रत्येकापुढे नाव. तालांत. कुबानिच. शार्शेन... तालांत हे तिलेकच्या वडिलांचं नाव. अक्षर तिलेकचं. शेपट्या तशाच लांब.

तीन नावं वाचली आणि मी वही मिटली. चौथं वाचायची ताकद माझ्यात नव्हती.

म्हणजे विचारून झालं होतं. मला नाही, तिला. माझ्यासाठी वर्गमुळं, तिच्यासाठी सात बाप. दोन महिने मी माझी सात नावं रात्री झोपताना मनात घोकत होते, त्याने विचारलं तर अडखळायला नको म्हणून. आता ती कुणाला सांगायची?

"बुरुल, फळ्यावर ये," अगाय म्हणाले.

क्ष अधिक सातचं वर्गमूळ बरोबर क्ष वजा पाच. मी दोन्ही बाजूंचा वर्ग केला, खडू मोडला, दुसरा घेतला. नऊ आणि दोन. दोन्ही उत्तरांखाली रेघ ओढली आणि जागेवर येऊन बसले.

"पडताळा?" अगाय म्हणाले.

"उत्तर दिसतंय की."

बुबुश एजे उठल्या, फळ्यापाशी गेल्या आणि चष्म्यावरून बघत सावकाश लिहिलं. नऊ घातले: सोळाचं वर्गमूळ चार, इकडेही चार. दोन घातले: नऊचं वर्गमूळ तीन, इकडे उणे तीन. त्यांनी दोनावर काट मारली.

"दिसतं ते सगळंच खरं नसतं, पोरी," त्या मला म्हणाल्या, जागेवर येता येता. "आम्ही दवाखान्यातसुद्धा ताप दोनदा बघतो."

वर्ग सुटल्यावर तिलेकने मला दाराशी गाठलं.

"काय झालंय तुला?"

"काही नाही. अभिनंदन."

"कशाबद्दल?"

"सात जणांबद्दल."

त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून. "बुरुल, तू... कुणाची वही पाहिलीस?"

"पडली होती. पडलेली वस्तू उचलावी लागते."

"आणि अर्धीच वाचलीस."

"पुरेशी वाचली," मी म्हणाले आणि वितळलेल्या बर्फाच्या चिखलातून सरळ चालत सुटले. बूट घोट्यापर्यंत बुडाले. त्याने मागून हाक मारली असती तर मी थांबले असते. त्याने मारली नाही.

घरी जाऊन मी ठरवलं की या वर्गात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. पण बुबुश एजेंचा खडू काही डोक्यातून जाईना. नऊ आणि दोन. मी एकही उत्तर मूळ समीकरणात घालून बघितलं नव्हतं. तीन नावं वाचली आणि रेघ ओढून मोकळी झाले. सकाळी मी नाझिकच्या आजीचं दार वाजवलं. जळायचंच तर नीट, पुरावा बघून जळावं.

नाझिक केस विंचरत बाहेर आली.

"तुझी वही दाखव," मी म्हणाले. "मागचं पान. आगाऊपणा आहे, माहीत आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग हसू दाबत वही आणली आणि दोन्ही पानं उघडून धरली. डावीकडे जांभळ्या शाईत तिचे सात होते. ते मी पाहिलंच नव्हतं. तिने डाव्या चौथ्यावर एक बोट ठेवलं, उजव्या चौथ्यावर दुसरं.

"तोयचू," ती म्हणाली. "इकडेही तोयचू, तिकडेही. आमचे पणजोबा सख्खे भाऊ. मी आले त्या संध्याकाळी आजीने त्याला बोलावून आम्हा दोघांना समोरासमोर बसवून लिहायला लावलं. तो माझा भाऊ लागतो, बुरुल. मी त्याला बाइके म्हणते ते काय लाडाने?"

चार चमचे तिखट आठवलं.

"वाटी छान होती," ती म्हणाली, जणू तिने ऐकलं. मग केसांत फणी तशीच ठेवून गंभीर झाली. "एक सांगू? तोयचू सापडला तेव्हा आम्ही दोघं खूप हसलो. मग त्याने वही मिटली. म्हणाला, 'इथे सापडलं म्हणून हसलो. बुरुलच्या सातांत सापडलं तर काय करू?' तू पण बुगू कुळाची, तो पण. सरोवराच्या या काठाला तर सगळेच एकमेकांचे कुणीतरी. म्हणून विचारत नाहीये तो. घाबरतो."

येताना मी चिखल चुकवून चालले नाही. मला काही दिसतच नव्हतं. आत्तापर्यंत मला एका खळीची भीती होती. आता भीती माझ्याच सात नावांची होती, आणि त्यांच्यावर जळताही येत नव्हतं.

टपरीवर तिलेक आधीच बसला होता. समोर वाटी नव्हती, वही होती. तायेजे मागे भांडी घासत होती. तीच तीच.

"मी जाऊन आले," मी म्हणाले. "दोन्ही पानं बघून आले."

"मग?"

"चौथ्यात तुम्ही भावंडं."

त्याने वही माझ्याकडे सरकवली. मागच्या पानावर डावीकडे त्याचे सात. उजवीकडे वर 'बुरुल' आणि खाली एक ते सात आकडे. पहिली तीन नावं भरलेली होती: माझे वडील, आजोबा, पणजोबा. खालचे चार आकडे रिकामे.

"ही कुणी सांगितली?"

मागे भांड्यांचा आवाज थांबला. "एका वाटीला एक नाव," तायेजे म्हणाली. "मला तीनच येत होती. चौथ्यासाठी तुलाच विचार म्हटलं, तर याची बोलतीच बंद."

म्हणजे ती तक्रार तिखटाची नव्हती.

मी पेन घेतलं. डावीकडे बघायचं नाही असं ठरवून लिहायला लागले. चौथा, मोल्दो. पाचवा, जापार. सहावा, चेरिक. तिलेक प्रत्येक नावागणिक श्वास सोडत होता, मला ऐकू येत होतं. सातवा लिहिला. इसाबेक.

श्वास सोडल्याचा आवाज आला नाही.

मी वर पाहिलं. तो डावीकडच्या पानाकडे बघत होता. मीही पाहिलं. पाचवा, इसाबेक.

बाजारात कुणीतरी टरबुजाच्या रिकाम्या पेट्या ओढत होतं. एवढं जळले, एवढं रडले, आणि शेवटी हा माणूस माझा भाऊ निघावा?

"संपलं," तिलेक म्हणाला. अगदी हळू.

"पडताळा केलास?"

"बुरुल, नाव समोर आहे..."

"नाव समोर आहे. माणूस कुठे आहे? तुझ्या इसाबेकचा बाप कोण?"

त्याने सहाव्यावर बोट ठेवलं. "बोरोनबाय."

माझ्या यादीत सातव्याच्या वर काही नव्हतं. मी गावी आजोबांना फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा करून फोन काउंटरवर ठेवला.

"आजोबा, आपल्या सातव्या इसाबेकचा बाप कोण?"

"कुणाला हवंय?"

"मलाच."

"तुला सात पुरेत," आजोबा म्हणाले. "आठवा लोक एकाच कामासाठी विचारतात. मुलगा कोण आहे?"

"आजोबा, आधी नाव सांगा."

ते खोकले. मग पाणी प्यायले. पाणी पिताना त्यांनी इतका वेळ याआधी कधी लावला असेल असं मला वाटत नाही.

"सात्किन," ते म्हणाले. "सात्किनचा इसाबेक. घोडीवरून पडून लंगडा झालेला. आपल्या काठाला इसाबेक पोत्याने सापडतील, पण लंगडा आपलाच. त्या मुलाचा लंगडा होता का?"

"नाही, आजोबा," तिलेक म्हणाला. "आमचा बोरोनबायचा."

"हे कोण बोललं?"

मी फोन बंद केला. तिलेकने टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात खाली घेतले, तेव्हा तो हसत होता की रडत होता, मला ठरवता आलं नाही. माझंही तेच चाललं होतं.

"मी दोन महिने..." तो म्हणाला. "रोज वाटायचं, आज विचारतो. मग वाटायचं, आज नको, आज ती हसली. उद्या विचारतो."

"आता विचार."

"पानावर सगळं आहे की."

"तरी विचार. मी फेब्रुवारीपासून पाठ करून बसलेय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मेणकापडाकडे नाही, वहीकडे नाही. "बुरुल, तुझे सात कोण?"

मी लाजायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. सातही नावं मोठ्याने, एका दमात सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "इसाबेक. सात्किनचा."

त्याने दोन्ही याद्यांच्या खाली 'पडताळा' असं लिहिलं आणि सही केली. शेपटी थेट माझ्या सातव्या नावापर्यंत नेली. मग पेन माझ्या हातात दिलं. माझी सही आजवर इतकी वाकडी कधी आली नव्हती.

"आणि नाझिकच्या वहीत शेपटी एवढी लांब कशाला?" मी विचारलं. राहवलंच नाही.

"तिची उत्तरं खरंच पडतात."

मागे तायेजेने हात पुसले आणि चहा ठेवला.